गाठीतला कोळी आणि आपली द्रव्यपरीक्षा

औषधी द्रव्यांच्या शुद्धाशुद्धतेविषयी आपल्या व्यवसायात नेहमीच आस्थेने बोलले जाते. भेसळ, संदिग्ध द्रव्ये, अकाली केलेले संकलन, कोंदट साठवण या विषयांवर परिसंवाद होतात, ठराव होतात. मात्र वनस्पतीच्या पानावर राहून त्या पानाचे स्वरूपच पालटून टाकणाऱ्या एका अतिसूक्ष्म जीववर्गाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. हा वर्ग म्हणजे वनस्पतिभक्षी कोळी. त्यांच्या नव्या जातींचे वर्णन करणे हे प्राणिशास्त्रज्ञांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न अनेक वैद्यबंधू करतील. तो संबंध अगदी निकटचा आहे, असे आमचे नम्र मत आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. धंतोलीतील आमच्या चिकित्सालयाजवळच्या करंजाची पाने पाहिली, तर त्यांवर हिरवट, फुगीर गाठी उठलेल्या दिसतात. अनेक जण त्यांना बुरशी समजतात, तर काही जण किड्यांची अंडी. वास्तविक ती पानाचीच विकृत वाढ आहे आणि ती घडवून आणणारा जीव पोकळ गाठीच्या आत राहतो. कॅलिफोर्नियातील कोळीशास्त्रज्ञ एच. एच. कायफर यांनी १९६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास 'एसेरिया पोंगॅमी' हे नाव दिले. ज्या करंजाला आपण शतकानुशतके कृमिघ्न आणि कुष्ठघ्न म्हणून ओळखतो, त्याच्याच पानात राहणाऱ्या या जीवाची शास्त्रीय ओळख साता समुद्रापलीकडील एका संशोधकाच्या सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित झाली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हे इरिओफाइड कुळातील कोळी साधारणतः एक दशांश ते दोन दशांश मिलिमीटर लांबीचे असतात. शरीर अळीसारखे लांबट, आणि इतर कोळ्यांना आठ पाय असताना यांना अवघे चारच. साध्या भिंगातून ते पांढुरक्या ठिपक्यासारखे भासतात. जात ठरवायची तर त्यांना काचपट्टीवर पारदर्शक माध्यमात बसवून सुमारे हजारपट वर्धन करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. पाठीवरील ढालीच्या रेषांची रचना, शरीरावरील वलयांची संख्या, केसांची लांबी आणि स्थान, पायाच्या टोकाशी असलेल्या पिसासारख्या नखरेचे फाटे, मादीच्या जननद्वारावरील झाकणाच्या रेघा, हे सारे मोजून व रेखाटून जवळच्या ज्ञात जातींशी ताडून पाहतात. त्यानंतरच नवी जात म्हणून नाव देता येते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या २००० सालापासून लागू झालेल्या आवृत्तीनुसार नव्या जातीसाठी आधारनमुना स्पष्टपणे निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही नमूद करावे लागते. पुढे कोणाला शंका आली, तर त्याने त्या मूळ नमुन्याकडेच जावे, हा त्यामागील हेतू.

आता आपल्या परंपरेकडे पाहू. चरकाचार्यांनी विमानस्थानात वीस कृमींची गणना करताना निदान, संस्थान, वर्ण, नाम, प्रभाव आणि चिकित्सा असा क्रम ठेवला आहे. केशाद, लोमाद, औदुंबर ही नावे जीवाचा आहार वा आकार सांगणारी आहेत. लक्षण पाहावे, नाव द्यावे आणि मग उपाय योजावा, ही पद्धत आपल्याला परकी नाही. म्हणूनच 'सूक्ष्म कृमी आमच्या ग्रंथांत आधीच आलेले आहेत' एवढे म्हणून समाधान मानणे आम्हांस योग्य वाटत नाही. ग्रंथांनी दृष्टी दिली. करंजाच्या पानातील या विशिष्ट कोळ्याची वलये मोजण्याचे काम ग्रंथांनी केलेले नाही आणि तसा दावा करणे हा ग्रंथांचा गौरवही नव्हे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी यांनी उपहत न झालेले औषध घ्यावे, असा स्पष्ट निर्देश आहे. असे असता आपल्या औषधशाळांत काकडशिंगी कशी चालते? ती मावा वर्गातील कीटकामुळे वृक्षाच्या पानावर उठलेली गाठच आहे. मायफळ हीदेखील एका सूक्ष्म माशीमुळे ओक वृक्षावर आलेली गाठ. आपल्या भंडारा-गोंदिया भागातील पळसावर मिळणारी लाख हा तर कीटकाचाच स्राव. त्या कीटकाचे वर्णन केर यांनी १७८२ साली केले. यांतील प्रत्येक ठिकाणी कृमिसंबंध आहे, परंतु तेथे दोष मानला जात नाही. याचे उत्तर साधे आहे. काकडशिंगीत गाठ हेच द्रव्य आहे आणि तिचे गुणकर्म गाठ म्हणूनच निश्चित झाले आहे. करंजपत्रात पान हे द्रव्य आहे. गाठ उठलेल्या पेशींची रचना निराळी होते, त्यांतील फिनॉल वर्गातील घटकांचे प्रमाण बदलते. आणि आपली प्रमाणके निरोगी पानावर बेतलेली असतात. तेव्हा कोणत्या जीवाने कोणत्या वनस्पतीवर काय घडविले, हे कळल्याखेरीज ग्राह्य कोणते आणि त्याज्य कोणते हे ठरविता येणार नाही.

नाव असण्याचा व्यावहारिक लाभ किती मोठा आहे, हे शेतीच्या क्षेत्राने अनुभवले आहे. नारळावरील इरिओफाइड कोळ्याचे वर्णन कायफर यांनीच १९६५ साली मेक्सिकोतील गरेरो प्रांतातून आलेल्या नमुन्यांवरून केले होते. १९९८ साली केरळात नारळांवर तपकिरी चट्टे दिसू लागले, तेव्हा तज्ज्ञांना जीव ओळखण्यासाठी शून्यापासून आरंभ करावा लागला नाही. विदर्भातील तुरीच्या वांझ रोगाचा प्रसार करणाऱ्या कोळ्यास 'एसेरिया कजानी' हे नाव बंगळूरचे चन्नबसवण्णा यांनी १९६६ साली दिले. रोगास कारण असलेला विषाणू उलगडण्यास त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लागला, परंतु वाहक कोण याविषयी संभ्रम उरला नव्हता.

याउलट नाव चुकले तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील विषाणूंचे वहन करणारा एक चपटा कोळी जगभर एकच जात समजला जात असे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या एका नावाखाली आठ जाती असल्याचे दाखविण्यात आले. त्या नावाने पूर्वी लिहिलेले निष्कर्ष नेमके कोणत्या जातीचे, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. रास्ना, शंखपुष्पी, पाषाणभेद यांच्या नावांवरून आजवर किती वाद झाले, हे आठवले की ही अडचण आपल्याला कोणी वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या कामात आपला वाटा कोणता? इरिओफाइड कोळ्यांपैकी अनेक जाती एकाच किंवा अगदी जवळच्या वनस्पतींवर जगतात. त्यामुळे वर्णनात आश्रयी वनस्पतीची ओळख चुकली, तर सारे वर्णनच लंगडे पडते. वनस्पती अचूक ओळखणे हे द्रव्यगुणाच्या अभ्यासकाचे बलस्थान आहे. या कुळातील चार हजारांहून अधिक जातींचे वर्णन जगात झाले असले, तरी आपल्या औषधी वनस्पतींकडे त्या दृष्टीने पाहणारे डोळे थोडे आहेत.

औषधशाळांच्या चालकांपुढे याहून निकडीचा प्रश्न आहे. आमच्या माहितीतील एका शेतकऱ्याने पानांवर गाठी दिसताच कीटकनाशकाच्या दोन फवारण्या केल्या आणि काही दिवसांतच तीच पाने औषधासाठी दिली. मालात गाठी होत्याच, वर फवारणीचे विष चढले. गाठीच्या आतील कोळ्यापर्यंत वरवरची फवारणी सहसा पोहोचत नाही. उलट अनेक कीटकनाशकांनी कोळ्यांना खाणारे परभक्षी कोळी मरतात आणि उपद्रव वाढतो. आयुर्वेदीय औषधिकोशात विजातीय द्रव्यासोबत कीटकनाशकांच्या अवशेषांचीही मर्यादा घातलेली आहे. करंजाच्या पानावरील गाठ तोडून टाकता येते. पानात मुरलेले विष धुऊन जात नाही. गाठीचा कर्ता कोण हे ठाऊक असते, तर ती फवारणी टळली असती.

यास्तव संघटनेपुढे आम्ही काही सूचना ठेवू इच्छितो. कच्चा माल घेताना दहापट वर्धनाचे भिंग प्रत्येक औषधशाळेत असावे आणि पानांच्या मालात गाठींचे प्रमाण नोंदवावे. वनस्पतिसंग्रह करताना निरोगी नमुन्यासोबत गाठी आलेला नमुनाही स्थळ, दिनांक आणि संकलकाच्या नावासह जतन करावा; काही ताजी गाठ आलेली पाने मद्यार्कात ठेवावीत. असे नमुने भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील केंद्राकडे अथवा कृषी विद्यापीठांतील कोळीशास्त्रज्ञांकडे पाठविण्याची व्यवस्था संघटनेने करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना द्रव्यगुणाच्या प्रबंधासाठी हा विषय सुचवावा. शेतकऱ्यांशी करार करताना, ओळख पटल्याखेरीज फवारणी करू नये, अशी अट घालावी.

हा खर्च कोणी करावा, असा प्रश्न येईल. भिंगाची किंमत एखाद्या परत आलेल्या मालाच्या तुलनेत नगण्य आहे आणि नमुना वाळवून ठेवण्यास कागद व वेळ एवढेच लागते. अडचण पैशाची कमी, सवयीची अधिक आहे. रुग्णाची नाडी पाहिल्याशिवाय आपण औषध देत नाही. औषधाचे पान मात्र पोत्यातून थेट काढ्याच्या भांड्यात जाते. ते एकदा उजेडात धरून पाहण्याची रीत आपल्या सभासदांनी येत्या पावसाळ्यानंतरच्या संकलनापासून आरंभावी, अशी विनंती आहे.