अंगणातला बल्ब आणि आपला जुगाड

दिवाळीला हॉस्टेलवरून घरी गेलात की एक काम हमखास तुमच्या गळ्यात पडतं. ‘शिकलेला आहेस ना, मग अंगणात एक बल्ब लावून दे.’ मग काय! घरात पडलेली वायर, एक होल्डर, काळी टेप. वायर खिडकीतून काढायची, कपडे वाळत घालायच्या तारेला गुंडाळायची, पत्र्यावरून फाटकापर्यंत न्यायची. बल्ब लागला, आई खूश, स्टेटसला फोटो. भोकरदन असो की घनसावंगी, असा बल्ब गल्लोगल्ली सापडेल.

या जुगाडाचं कौतुक आपण आता बंद करायला हवं.

ऊन-पावसात वायरचं आवरण तडकतं, पत्र्याच्या धारेवर सोलतं. आपलं जालना सळयांचं गाव. अंगणातही तार, पत्रा, फाटक सगळं लोखंडाचंच. करंट उतरला की ओल्या हातांनी त्या तारेवर कपडे टाकणारी आई असते. तुम्ही तोवर हॉस्टेलवर परतलेले असता.

‘पण बोर्डात एमसीबी आहे की!’ म्हणाल. जरा हिशोब करा. दिव्यांच्या सर्किटला सहसा 6 अँपिअरचा एमसीबी असतो, म्हणजे 6000 मिलीअँपिअर. माणसाच्या छातीतून 50 ते 100 मिलीअँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी सोबत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परतला नाही, की तो क्षणात लाइन तोडतो. त्याचं ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून बघायचं.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. मोसंबीच्या बागा टँकरने जगवलेल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातही पाणी घाला.

बाकीचं सोपं आहे. तीन तारांची केबल पीव्हीसी पाइपातून न्या. जोड उघड्यावर टेपने नको, बंद डब्यात हवा. दिवा पावसात टिकणारा, आयपी 65 चा घ्या. बटण फेजवरच हवं. न्यूट्रलवर असेल तर बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये करंट राहतोच. लोखंडी खांब असेल तर त्यालाही अर्थिंग जोडा.

आणि हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, नियमही तोच आहे. पैसे वाचवायचेच असतील तर सोलरचा दिवा लावा, त्याला घरातून वायर ओढावी लागत नाही.

मग आपण शिकलेल्यांनी करायचं काय? वायरमन आला की शेजारी उभं राहून विचारायचं, ‘काका, आरसीसीबी बसवला का? अर्थिंग तपासलं का?’ या दिवाळीत घरी गेलात की आधी बोर्ड उघडून बघा. आरसीसीबी नसेल, तर आकाशकंदिलाच्या आधी तो आणा.