न्हाणीघरातील वीज आणि नियमातील पळवाट

पुणे जिल्ह्यातील दापोडी (ता. दौंड) येथे १७ जून २०२४ रोजी सकाळी कपडे वाळत घालण्याच्या तारेत वीज उतरली आणि एकाच कुटुंबातील तिघांचा जीव गेला. शहरातील सदनिकाधारकाला पत्र्याच्या घरातील ही दुर्घटना दूरची वाटेल. मात्र पाणी, धातू आणि गळती होणारी वीज हे तिचे तिन्ही घटक पुण्यातील कोणत्याही न्हाणीघरात हाताच्या अंतरावर असतात.

वाड्यांच्या काळी पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. गीझर आला, त्यापाठोपाठ धुलाई यंत्र आले. न्हाणीघराचे आकारमान मात्र तेवढेच राहिले. परिणामी जिथे जागा मिळाली तिथे सॉकेट बसले, कधी नळाशेजारी, तर कधी शॉवरखाली. पेठांतील कॉट बेसिसच्या खोल्यांत तर आजही बादलीत हीटरचा रॉड सोडून पाणी तापवले जाते.

बोर्डावर एमसीबी आहे म्हणजे घर सुरक्षित आहे, हा सार्वत्रिक समज धोक्याचा आहे. दोन किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा एमसीबी लावतात. ओल्या शरीराचा रोध एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडवण्यास तो पुरेसा असतो. एमसीबीच्या लेखी मात्र तो नगण्य. एमसीबी तारांना जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची गळती होताच क्षणार्धात वीज तोडणारा आरसीसीबी लागतो.

हे साधन नवे नाही, आणि नियमही नवा नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत पुढे गळतीरोधक साधनाची सक्ती आली, तेव्हा ५ किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या घरगुती जोडण्या तिच्यातून वगळण्यात आल्या. मध्यमवर्गीय सदनिकांचा मंजूर भार बहुधा याच मर्यादेच्या आत असे. साहजिकच त्या काळातील असंख्य इमारती गळतीरोधक साधनाविनाच उभ्या राहिल्या, आणि तेही नियमाला धरून! केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या विनियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा आहे. तथापि वायरिंगचा चाचणी अहवाल नवी जोडणी घेताना मागितला जातो. त्यानंतर मीटरच्या पलीकडे काय घडते, ते पाहण्यास सहसा कोणी फिरकत नाही.

सॉकेटच्या जागेबाबतही असेच म्हणता येईल. आंतरराष्ट्रीय मानके टब किंवा शॉवरभोवतीच्या ६० सेंटिमीटरपर्यंतच्या पट्ट्यात साधे सॉकेट बसवू देत नाहीत. भारतीय संहितेत स्नानगृहातील सॉकेट जमिनीपासून १३० सेंटिमीटरपेक्षा खाली नसावे, असा दंडक आहे. परंतु जिथे बादली-तांब्याने स्नान होते, तिथे शिंतोडे सर्वत्र उडतात. कोरडा कोपरा असा उरतच नाही. लहान न्हाणीघरात सुरक्षित सॉकेटची जागा एकच, दाराबाहेरची. गीझर उंचावर, कायमस्वरूपी जोडणीने बसवावा आणि त्याचा फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच बाहेर असावा, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

ही जबाबदारी कोणी घ्यायची, हा खरा प्रश्न आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतींची दर ३ वर्षांनी अपेक्षित आहे. खांब-तुळयांची काळजी वाहणाऱ्या या तपासणीत सदनिकेतील अर्थिंग आणि गळतीरोधक साधनांचा समावेश करणे अवघड नाही. पुणे महापालिका सौर बंब व पर्जन्यजल संधारणासाठी मिळकतकरात सवलत देते. जुन्या सदनिकांतील विद्युतसुरक्षेलाही असेच उत्तेजन देता येईल.

तोवर सदनिकाधारकाच्या हाती एक सोपी परीक्षा आहे. आरसीसीबीवर चाचणीचे एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. वीज गेली, तर साधन जागे आहे. वीज गेली नाही, किंवा बोर्डावर असे बटणच सापडले नाही, तर न्हाणीघराच्या नव्या फरशांआधी परवानाधारक वायरमनला बोलावणे अधिक निकडीचे आहे.