ओशिवऱ्याच्या खोऱ्यात उपरा कोण?

मुंबईतही एक खोरे आहे, हे मुंबईकरांनाच ठाऊक नसते. आरेच्या डोंगरात उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगाव-जोगेश्वरीतून वाहत मालाडच्या खाडीला मिळते. उगमाशी वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. खाडीच्या मुखाशी वेसाव्याचा कोळीवाडा आणि समोर मढचा किल्ला. मधल्या शहराने नदीचा नाला केला.

या डोंगररांगेत बुद्धाचा धम्म नांदला. कोंडिविट्याच्या, म्हणजे आजच्या महाकालीच्या लेण्यांत, तसेच कान्हेरीत भिक्खूंनी कातळात पाण्याच्या पोढी खोदल्या. डोंगराचे पाणी डोंगरातच राखण्याचे ते शहाणपण होते.

१९४९ साली आरे दूध वसाहत आली आणि पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारा आदिवासी सरकारी जागेवरचा उपरा ठरला. २००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या, ती कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मानतो. पण जमीन आधी 'वन' ठरली पाहिजे! ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरेला वन मानण्यास नकार दिला आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी कुऱ्हाड चालली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे २०२० साली आरेतील सुमारे आठशे एकर राखीव वन करण्याची घोषणा झाली. झाडांचे वन मान्य होते, मग त्या वनातल्या माणसाचा हक्क का अडतो? त्याला झोपडपट्टीवासी ठरवून इमारतीतली खोली देणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, ती ओळख पुसणे आहे.

खाली वेसाव्यात तेच. वरच्या शहराचे सांडपाणी आणि प्लास्टिक कोळ्याच्या जाळ्यात येते. समुद्रावर सेतू उभा राहतो, पण मासळी सुकवण्याच्या जागेला नकाशात स्थान मिळावे म्हणून कोळ्याला झगडावे लागते.

मेट्रो नको, असे आम्ही म्हणत नाही. लोकलला लोंबकळणारा श्रमिक आमचाच आहे. प्रश्न एवढाच, की विकासाची किंमत प्रत्येक वेळी त्याच माणसांनी का मोजावी?

१९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क आहे, हे त्यांनी जगाला सांगितले. तोच न्याय या खोऱ्याला लावा. पाड्यांचे वनहक्क दावे निकाली काढा, कोळीवाड्याचे सीमांकन मासळीच्या खळ्यांसह करा, नदीला नदी म्हणा. आणि आंबेडकरी कार्यकर्त्यांनी पाडा व कोळीवाडा यांचा लढा आपला मानावा. उगम आणि मुख एकत्र आले, तर मधल्या शहराला ऐकावेच लागेल.