मुंबईत उतरायचे कुठे? आडनाव न लपवता!

मे महिना आला की किन्हवली परिसरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. पोरांना तीन-चार दिवस मुंबई दाखवायची आहे, पण उतरायचे कुठे? या साध्या प्रश्नाला आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले, नातेवाइकाकडे उतरा. दुसरे, उतरूच नका, पहाटेची लोकल धरा आणि रात्री परत या. तिसरे उत्तर हळू आवाजात दिले जाते: मोबाईलवर खोली बघा, पण आडनाव सांगू नका. आमचा हा लेख त्या तिसऱ्या उत्तराविरुद्ध आहे, आणि पहिल्या दोन उत्तरांमागे दडलेल्या भीतीविरुद्धही आहे.

आधी अनुभव सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एका कुटुंबाने पश्चिम उपनगरात दिवसाच्या भाड्याने मिळणारी खोली पाहिली. तारखा ठरल्या, भाडे ठरले. शेवटी मालकाने नाव विचारले. जाधव. ‘जाधव म्हणजे कोणते जाधव?’ मग गाव विचारले. मग कुलदैवत विचारले. मग सांगितले, ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही.’ चार दिवस नाही खाणार, असे कबूल केल्यावर अर्ध्या तासाने निरोप आला की खोली दुसऱ्या पार्टीला दिली. त्याच संध्याकाळी वेगळ्या आडनावाच्या एका मित्राने त्याच तारखांसाठी फोन केला, तर खोली रिकामी होती!

यावर आपलेच काही शहाणे लोक म्हणाले, ‘दुसरे आडनाव सांगायला तुमचे काय जात होते?’

काय जाते, ते बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडला होता: उतरायचे कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी सराईत फक्त पारशांना प्रवेश होता. शेवटी नोंदवहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया भरून त्यांनी तिथे जागा घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना सराई सोडावी लागली. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना दुसरा निवारा कोणी दिला नाही. खोटे नाव लिहून मिळाले ते दहा दिवस, आणि तेही धाकधुकीचे. परदेशच्या विद्यापीठांत शिकलेल्या माणसाला जे पचले नाही, ते दारातच आधार कार्ड दाखवावे लागणाऱ्या आपल्याला कसे पचेल? आणि पोरांसमोर बापाने स्वतःचे नाव खोटे सांगायचे, तर त्या सहलीत पोरे नेमके काय शिकणार?

दुसरी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली सार्वजनिक पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली करावीत, असे त्यात होते. पण त्या यादीत आणखी एक शब्द होता: धर्मशाळा. त्याच ठरावाच्या बळावर १९२७ साली महाडचे तळे गाजले. पाण्याची लढाई आपण दरवर्षी आठवतो, ते योग्यच आहे. मात्र परगावी रात्री पाठ टेकायला जागा मिळणे हाही माणुसकीचाच हक्क आहे, हे त्या काळच्या लोकांना कळले होते. आपण मात्र त्याला चैन म्हणून सोडून दिले.

कायदा काय सांगतो? संविधानाचा अनुच्छेद १५ जातीच्या कारणावरून दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत प्रवेश नाकारायला मनाई करतो. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. १९५५ च्या कायद्यात, ज्याला १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, ‘हॉटेल’ या शब्दात राहण्या-जेवणाची खानावळ आणि लॉजिंगही धरले आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि दंड. त्याच कायद्याचे कलम १२ सांगते की अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत असे कृत्य झाले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. बौद्धांना १९९० मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तेव्हा हे संरक्षण आपल्यालाही आहे.

लगेच कोणी म्हणेल, ‘घर त्याचे, मर्जी त्याची.’ घर त्याचे, मान्य. पण जो माणूस दिवसाच्या हिशोबाने, येईल त्या गिऱ्हाइकाला खोली देतो, जाहिरात करतो, पैसे घेतो, तो पाहुणचार करत नाही, धंदा करतो. आमच्या मते ते लॉजिंगच आहे, आणि जिथे धंदा तिथे कायदा. आपल्या स्वयंपाकघरात मटण शिजवू नका, असा नियम त्याने सर्वांना सारखा लावला तर आमची तक्रार नाही. पण कुलदैवत विचारून झाल्यावर आठवणारा शाकाहार हा आहाराचा नियम नव्हे, ती जातीची चाळणी आहे.

हे फक्त आपल्याच देशात घडते असेही नाही. अमेरिकेत व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढले. प्रवासात काळ्या माणसाला कुठे खोली आणि जेवण मिळेल, याची ती यादी होती. पुढे मोबाईलवरून खोल्या देण्याचे दिवस आले, तरी रोग गेला नाही. एअरबीएनबीवर काळ्या माणसांची वाटतील अशी नावे असलेल्या पाहुण्यांना होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी असल्याचे हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले. ओरड झाल्यावर कंपनीने २०१८ मध्ये बुकिंग मंजूर होईपर्यंत पाहुण्याचा फोटो मालकाला न दाखवण्याचे ठरवले. आपल्याकडे फोटोचे काम आडनाव करते. मग बुकिंग पक्के होईपर्यंत मालकाला आडनाव दिसू नये, ही मागणी आपण का करू नये? आम्ही लपवायचे आणि कंपनीने झाकायचे, यात फरक आहे. पहिल्यात आमची मान खाली जाते, दुसऱ्यात भेदभाव करणाऱ्याचा हात बांधला जातो.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. नातेवाइकाकडे उतरावे का? पूर्वी नायगाव, वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आत्याने दहा माणसे निजवली. त्या प्रेमाला आम्ही सलाम करतो. पण आज त्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत आणि आपली कितीतरी माणसे दिवा, टिटवाळा, नालासोपाऱ्याला गेली आहेत. आत्याच्या प्रेमावर सगळ्या समाजाचा प्रवास चालवता येत नाही.

मुलूख निवडायचा तो खर्च आणि सोय पाहून. आपण आसनगावहून लोकल धरतो. तिथून दादर दोन तासांच्या आसपास, गाडी न बदलता. म्हणून आमचे मत दादर पूर्व, नायगाव, परळ या पट्ट्याला. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात. उपनगरात भाडे कमी दिसते, पण रोजची गर्दी आणि रिक्षाचे पैसे धरले की हिशोब बदलतो. दादरपासून शहराच्या आत रिक्षा नाही, बेस्टची बस आहे, म्हणून बसथांब्याजवळची खोली बघा. पंखा, पाणी, संडास, वर चढायचे जिने आधी विचारा. होकार आणि भाडे लेखी, निदान मेसेजवर घ्या. आणि नाव पूर्ण सांगा. नकार आला तर तो मेसेज जपून ठेवा, दुसऱ्याकडून फोन करवून बघा, आणि कार्यकर्त्यांना कळवा. पुरावा असेल तर तक्रार उभी राहते.

याच पट्ट्यात परळची बीआयटी चाळ आहे, जिथे बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले. हिंदू कॉलनीत राजगृह आहे. त्यांनी पुस्तकांसाठी घर बांधले ते ‘आपली वस्ती’ शोधून नव्हे. आपली पोरे दादर ओळखतात ती ६ डिसेंबरचे, शिवाजी पार्कच्या मंडपात रात्र काढलेले. तो दिवस आपला आहेच. पण वर्षाचे बाकीचे ३६४ दिवसही मुंबई आपली आहे. राणीची बाग, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, फोर्टमधले सिद्धार्थ महाविद्यालय त्यांनी सवडीने पाहावे, रात्री पलंगावर झोपावे, सकाळी पुन्हा निघावे.

ज्यांना हे भाडेही परवडत नाही, त्यांच्यासाठी शासनाने आणि महापालिकेने दादर परिसरात बारमाही, माफक दराचे प्रवासी निवास उभारावे, ही आमची मागणी आहे. ही भीक नव्हे. तानसा आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात आणि धरणाचे पाणी मुंबईच्या नळाला जाते. ते पाणी पिताना कोणी विचारत नाही, ‘कोणत्या जाधवांच्या गावचे?’

मग खोली देतानाही विचारू नये. आणि विचारलेच, तर आपण मान ताठ ठेवून उत्तर द्यावे.

जय भीम! जय संविधान!