गर्दी रुग्णांची, गुन्हा कुणाचा?

मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात गर्दी उसळली की राज्यकर्त्यांच्या मुखी एक ठरलेला युक्तिवाद येतो : यांतील पुष्कळांचे दुखणे किरकोळ असते; त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

ताप, जुलाब, लहानसहान जखमा यांवर प्राथमिक केंद्रात उत्तम उपचार होऊ शकतात, याविषयी दुमत नाही. १९४६ साली भोर समितीने आणि १९७८ साली आल्मा-आटाच्या जाहीरनाम्याने आरोग्यसेवेचा पाया तोच मानला. परंतु दुखणे किरकोळ आहे, हे ठरते तपासणीनंतर. छातीत उठलेली कळ पित्ताची की हृदयविकाराची, हे शेतमजुराने घरबसल्या कसे ओळखावे? डॉक्टरांनी तपासून काढलेला निष्कर्ष रुग्णाला आधीच ठाऊक असावा, ही अपेक्षा म्हणजे गरिबांची क्रूर थट्टा होय.

सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, हा निकष कागदावर आहे. प्रत्यक्षात रोजंदारी बुडवल्यावाचून मजुराला बाह्यरुग्ण विभागाची वेळ गाठता येत नाही आणि रात्री तेथे डॉक्टर भेटेल याची शाश्वती नाही. मग जेथे रात्रीही दिवा जळतो, तेथे तो जातो. हा अडाणीपणा नव्हे, व्यवहारज्ञान आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. तेव्हा खुलासा झाला, रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर आणले जातात! म्हणजे रुग्ण लवकर आला तर गर्दी करतो आणि उशिरा आला तर मृत्यूचा आकडा वाढवतो. दोन्हीकडून दोषी तोच. शासन तेवढे निर्दोष!

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातील दोन-तृतीयांश वा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे वचन दिले होते. मुदत सरली, वचन हवेत विरले.

म्हणून कार्यकर्त्यांनी रुग्णांना उपदेश करण्याच्या फंदात पडू नये. त्यांनी आपल्या तालुक्यातील केंद्रांची रात्री पाहणी करावी; रिक्त पदे, औषधांचा साठा, सर्पदंशावरील लस, रुग्णवाहिका यांचा हिशेब जिल्हा परिषदेकडे मागावा. आधी गावच्या केंद्राचे दार अहोरात्र उघडे ठेवा. शहरातील दारावरची गर्दी मग आपोआप ओसरेल.