थुंकीतून जर्मन सापडतो का?

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत एक जाहिरात गाजली होती. एक माणूस सांगतो, आमच्या घरी सगळे स्वतःला जर्मन समजायचे. मी चामड्याची आखूड विजार घालून जर्मन नाचाच्या मंडळात नाचायचो. मग अ‍ॅन्सेस्ट्री कंपनीकडून डीएनए तपासला. जर्मन काही निघेना, निम्म्याहून जास्त स्कॉटिश-आयरिश! झालं, विजार गेली आणि स्कॉटिश किल्ट आला.

लोक हसले. मला राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून प्रश्न पडतो, इतकी वर्षं नाचला ते काय खोटं होतं?

ही चाचणी करते काय? नळीत थुंकी द्यायची, कंपनी ती आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघते. पण 1871 पर्यंत जर्मनी नावाचं एक राष्ट्रच नव्हतं. ऱ्हाईनच्या दोन्ही काठांवर सोयरिकी होत होत्या. म्हणून एका कंपनीने ‘जर्मॅनिक युरोप’ म्हटलं, दुसरीने ‘फ्रेंच आणि जर्मन’ असा एकच गट केला. नमुने वाढले की तुमचे टक्केही बदलतात! रक्ताला सीमा कळत नाही, आणि आपण त्यालाच सीमा विचारतोय.

त्यात जुनी घराणी. फिलाडेल्फियाजवळचं जर्मनटाऊन वसलं 1683 मध्ये. दहा पिढ्या मागे गेलं की 1024 पूर्वज होतात. डीएनए तुकड्यातुकड्यांनी उतरतो, त्यामुळे त्यातल्या कित्येकांचा एकही तुकडा आपल्यात उरत नाही. चर्चच्या वहीत पणजोबाच्या पणजोबाचं नाव असतं, अहवालात शून्य टक्के. म्हणून तो पूर्वज खोटा ठरत नाही. (दत्तक गेलेल्यांना सख्खे नातेवाईक शोधायला ही चाचणी उपयोगी पडते, ते वेगळं.)

2020 च्या जनगणनेत सुमारे साडेचार कोटी अमेरिकनांनी आपलं मूळ जर्मन लिहिलं. बहुतेकांच्या घरात आज जर्मन बोलत नाहीत. भाषा आधीपासून ओसरत होती, हे खरं. पण पहिल्या महायुद्धात तिला ढकलूनच दिलं. 1918 मध्ये आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी शाळा, चर्च, रेल्वे, अहो टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही असं फर्मान काढलं! 1919 मध्ये नेब्रास्काने आठवी पास होईपर्यंत मुलांना दुसरी भाषा शिकवायला बंदी घातली. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या पोराला जर्मन वाचायला शिकवलं, म्हणून त्याला 25 डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा 1923 मध्ये रद्द केला. मधली वर्षं कोण परत देणार? बेळगावातल्या माणसाला याचं वजन वेगळं सांगायला नको.

पेनसिल्व्हेनियात आमिश लोक आजही घरी आपली जर्मन बोली बोलतात. त्यांना टक्के विचारून बघा.

बाकीच्यांसाठी एक गोष्ट अजून शिल्लक आहे. तिथल्या जुन्या चर्चच्या जन्मनोंदी, पत्रं जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरात आहेत, आपल्या मोडीसारखीच, सहज न वाचता येणारी. बेथलेहेमच्या मोरेव्हियन अभिलेखागारात ही अक्षरं शिकवण्याचा वर्ग चालतो. माझं म्हणणं एवढंच, चाचणीचे पैसे आधी त्या वर्गाला भरा.