हार तेवढा राहिला

आमच्याकडे भिंतीवर फोटो लागला, की माणूस गेला असं समजायची रीत आहे. हयात माणसांचे फोटो कपाटातल्या अल्बममध्ये राहतात, हल्ली फोनमध्ये राहतात. पण चांगल्या चौकटीत बसवून, खिळा ठोकून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लागतो तो आजोबांचा. तोही बहुधा त्यांच्याच खर्चाने, ज्यांनी हयातीत त्यांना कधी धड पाणी विचारलं नाही.

हे सगळं मला गेल्या रविवारी एका प्रदर्शनात आठवलं. प्रदर्शन फोटोंचं होतं. फोटो भिंतींवरच्या चित्रांचे होते. आणि चित्रं शहरातल्या वन्यप्राण्यांची होती. म्हणजे आधी प्राणी, मग त्याचं भिंतीवर चित्र, मग त्या चित्राचा फोटो, आणि तो फोटो पुन्हा भिंतीवर!

"अहो, मुलुंडहून फोर्टपर्यंत आलोच होतो, तर सरळ राणीच्या बागेत गेलो असतो," ही म्हणाली. हिचा कलेशी संबंध रांगोळीपुरता. पण मुद्द्याचं बोलण्यात आमच्या घरात तिचा हात कोणी धरणार नाही.

पहिल्याच फोटोत बिबट्या होता. पाचमजली इमारतीच्या भिंतीवर पसरलेला, हिरव्या डोळ्यांचा. समोर एक तरुण जोडपं "सो क्यूट!" म्हणत उभं होतं. आता आमच्या मुलुंडला बिबट्या येतो म्हणजे खराच येतो. शंभरेक चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाला आम्ही चहूबाजूंनी इमारतींचा वेढा घातलाय. तो बिचारा रात्री येतो, आमच्या कचऱ्यावर पोसलेलं एखादं कुत्रं उचलतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी सोसायटीत क्यूट वगैरे कोणी म्हणत नाही. "पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा" एवढंच म्हणतात. जुन्नरकडे 2001 पासून नेमकं हेच केलं, तर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, असं विद्या अत्रेय यांनी अभ्यासाअंती दाखवून दिलंय. पण अभ्यास वाचतो कोण? भिंतीवरचा बिबट्या बरा. तो कुत्रं खात नाही आणि आपण त्याला काही देणं लागत नाही.

पुढे नवी मुंबईचे रोहित पक्षी. भिंतीवर रोहित, पुलाच्या खांबावर रोहित. सगळे गुलाबी. खरा रोहित खाडीतलं शेवाळ खाऊन गुलाबी होतो. हे डब्यातल्या रंगाने झालेले. ठाणे खाडीला 2015 साली अभयारण्य केलं, 2022 साली रामसर यादीत जागा मिळाली, सगळं कागदोपत्री यथासांग झालं. पण पक्षी कागदावर उतरत नाही, त्याला चिखल लागतो. नेरुळच्या तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट बुजली आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मेले. भिंतीवरच्या एकाही पिसाला धक्का लागला नाही. त्यांना भरती लागत नाही, ओहोटी लागत नाही. दोन-चार वर्षांनी रंगाचा एक हात दिला की झालं.

चित्रांजवळच्या पाटीवर इंग्रजीत 'सहजीवन' अशा अर्थाचं बरंच काही लिहिलं होतं. ते वाचताना माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आणि काय सांगू, तेवढ्यात खरीच चुकचुकली! बिबट्याच्या चौकटीमागून एक चांगली वीतभर पाल बाहेर आली आणि काचेवर, थेट त्याच्या नाकावर येऊन बसली. अख्ख्या प्रदर्शनातला हा एकमेव जिवंत शहरी वन्यप्राणी. पण क्यूटवाल्या बाईंनी अशी किंकाळी फोडली, की शिपाई केरसुणी घेऊन धावत आला. सहजीवनाची पाटी सरकवून त्याने पालीला आधी खाली पाडलं आणि मग दाराबाहेर काढलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा निसर्गप्रेमाला सुरुवात केली.

मी हसलो नाही. माझं हसू पुढच्या फोटोपाशी अडकलं होतं. त्यात एका सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर तांबट पक्षी काढला होता. हिरवा, कपाळाला लाल टिळा. सोसायटी आमची नव्हती, पण भिंत थेट आमच्यासारखी.

आमच्या फाटकाशी उंबर होता. खोडाला फळं लगडायची. दिवसा तांबट यायचा आणि तांब्याच्या भांड्यावर ठोके दिल्यासारखा टुक्-टुक् करत बसायचा, रात्री वटवाघळं. सकाळी या सगळ्या मंडळींचा हिशेब माझ्या गाडीच्या टपावर. झाड धोकादायक झाल्याचा अर्ज निघाला. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे परवानगी लागते, म्हणून सह्या गोळा केल्या. तिसरी सही माझी. झाड ठणठणीत आहे हे मला माहीत होतं. धोका होता तो गाडीच्या रंगाला. दत्ताचं झाड म्हणून हिने दोन दिवस अबोला धरला, तो मी सोसला. पुढल्या वर्षी त्याच जागी भिंतीवर तांबट रंगवला, त्याला मी पाचशे रुपये वर्गणी दिली. म्हणजे सहीही माझी आणि फोटोचा खर्चही माझाच.

चित्रकारांशी माझं भांडण नाही, फोटोग्राफरशी तर नाहीच. भिंत रंगवणं हा गुन्हा नव्हे. पण जिवंत प्राण्याचा फोटो लावायची घाई कशाला? बिबट्या अजून येतो, रोहित अजून येतात, तांबट पलीकडच्या गल्लीत अजून ठोके देतो. त्यांना आपली कला नकोय. थोडं झाड, थोडा चिखल आणि रात्रीचा थोडा अंधार हवाय. ते द्यायला एक पैसा पडत नाही, फक्त थोडी गैरसोय सोसावी लागते. आणि गैरसोयीपेक्षा वर्गणी आपल्याला नेहमीच स्वस्त वाटते.

घरी आलो तर सेक्रेटरी जिन्यात उभेच. या वेळी मागच्या जांभळाचा अर्ज होता.

"गाड्यांवर फार डाग पडतात हो. भिंतीवर छानपैकी पोपट काढून घेऊ!"

"काढा," मी म्हटलं, "पण त्याला हार घालायला विसरू नका."

ते हसले. विनोद केला असं त्यांना वाटलं. अर्ज सहीशिवाय अजून टीव्हीवर पडून आहे. गाडी पुसायला हिने एक जुना टॉवेल काढून दिलाय.